एकटं राहण्याची रंगीत तालीम

आई,

घरात आज कुणी नाही. बाबा काल सकाळी डोंबिवलीला आत्याकडे गेले आणि परवा येतो म्हणाले. ते का गेले हे तुला सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या घरात मिळून एक मोबाइल होता आणि तोही बाबा उशीखाली ठेवायचे. आता माझी चाळिशी उलटली आहे. केस पांढरे झालेत, रंगवायचा कंटाळा करते. लग्न जमलं नाही, मग आम्ही जमवणं थांबवलं, मग लोकांनीही विचारणं थांबवलं, आणि तेव्हापासून मी सुखात होते. खरंच होते. बाबा, मी, मुलुंडचं हे घर, शेजारच्या दारातल्या काकू. गेल्या दिवाळीपर्यंत कसलीच तक्रार नव्हती.

मी काम काय करते ते ऐकून तू हसशील. मी डोक्याला हेडफोन लावून दिवसभर बोलत असते. युरोपातली एक कंपनी आहे, ती दातांच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर बनवते. अपॉइंटमेंट, एक्स-रे, बिलं, सगळं त्यात. ते अडलं की तिकडच्या दवाखान्यातल्या बायका फोन करतात आणि तो फोन इथे आपल्या बाल्कनीत वाजतो. माझ्या दहावीच्या वर्षी तू सुताराला बोलावून बाल्कनीच्या भिंतीला घडीचं टेबल ठोकून घेतलं होतंस, त्याच टेबलावर. तेव्हा बाबा खर्चावरून कुरकुरले होते आणि तू म्हणाली होतीस, "पोरीला खोली देता येत नाही, निदान कोपरा तरी द्या." तो कोपरा मी अजून सोडलेला नाही. बाबा माझ्या कामाला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. शेळ्या परदेशी, उंट मुलुंडचा.

तर दिवाळीनंतर कंपनीने नियम केला की येत्या उन्हाळ्यापासून पेशंटची माहिती युरोपाबाहेरच्या कॉम्प्युटरवर उघडायची नाही. म्हणजे या टेबलावर नाही. माझी मॅनेजर बाई चांगली आहे. ती म्हणाली, तू कामाला चोख आहेस, तुला सोडायचं नाही, पण तुला इकडे कुठेतरी येऊन राहावं लागेल आणि व्हिसाचं तुझं तू बघायचं. आता असे व्हिसे निघालेत. रिमोट वर्कर व्हिसा म्हणतात. पोर्तुगाल देतो. राहायचं त्यांच्या गावात, भाडं त्यांना द्यायचं, भाजी त्यांच्याकडून घ्यायची, पण त्यांच्यातल्या कुणाची नोकरी धरायची नाही, ती आपली बाहेरून आणायची. पेइंग गेस्टने डबा बाहेरून मागवावा तसं. या वयात इथे नवी नोकरी मिळते का तेही पाहिलं. एका ठिकाणी मुलाखत घेणारा मुलगा मला सारखा मॅम मॅम करत होता, तेव्हाच काय ते समजलं. घर माझ्या पगारावर चालतं. नोकरी धरायची तर बाबांना सोडायचं आणि बाबांना धरायचं तर नोकरी सोडायची, इतकं सरळ होतं ते.

बाबांना आता ऐंशी दिसायला लागली आहे. गुडघे बरे आहेत, पण उजव्या कानाने कमी ऐकतात आणि ते कबूल करत नाहीत. मी गेले आणि ते बाथरूममध्ये पडले तर? गॅस चालू राहिला तर? हल्ली फोनवर पोलीस असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात, तसला फोन आला तर? माझ्या डोक्यात दिवसभर हेच. एखादी बाई फोनवर विचारते की एक्स-रे उघडत नाही, आणि मी तिला बटणं सांगत असताना डोळ्यांसमोर बाबा ओल्या फरशीवर आडवे. तू असताना ही काळजी तुझी होती. माझ्याकडे ती कधी आली ते मला आठवतसुद्धा नाही.

मी बाबांना काही न सांगता कागद जमवायला लागले. का नाही सांगितलं, हे तुला वेगळं सांगायला नको. पण तरी सांगते, कारण हे तुझंच आहे.

मी चौथीत असेन. शाळेला सुट्टी होती, काकू गावाला गेल्या होत्या, म्हणून तू मला तुझ्याबरोबर कामावर, घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घेऊन गेली होतीस. लांबलचक खोली, ओळीने बसलेल्या बायका, प्रत्येकीसमोर बोर्ड, बोर्डावर भोकंच भोकं आणि वायरी. तू मला स्टुलावर बसवतेस, हातात पार्लेचा पुडा देतेस आणि डोक्याला तो हेडफोन चढवतेस. त्या क्षणी तुझा आवाज बदलतो. घरात तू माझ्यावर ओरडतेस तो हा आवाज नाही, हा बारीक, इस्त्री केलेला आवाज आहे. "थ्री मिनिट्स ओव्हर, एक्सटेंड करायचं का?" मी तुझ्या इतकी जवळ बसले आहे की हेडफोनमधलं मला तुटक ऐकू येतं. एक बाई रडते आहे. नवरा आखातात आहे, त्याला ती काहीतरी सांगते आहे आणि मधेच हुंदका येतो म्हणून तेच पुन्हा सांगते आहे. तुझा चेहरा हलत नाही. तिची वेळ संपते, तू वायर काढतेस, दुसरी लावतेस. डबा खाताना मी विचारते, ती बाई का रडत होती? तू चपातीचा तुकडा मोडतेस आणि म्हणतेस, "कोण बाई?"

मला वाटलं तू खोटं बोलतेस. मग त्याच उन्हाळ्यात मी शेजारच्या भिंतीतून ऐकलं की काकांची नोकरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी मला खेळताना आंबा दिला तेव्हा सरळ विचारलं, काका आता घरीच राहणार का? काकूंचा चेहरा पडला. तू मला आत ओढून नेलंस. राग आला की तुझी मालवणी बाहेर यायची. "कानार पडला म्हणान तोंडार येवक व्हया असा नाय. गप रव." मारलं नाहीस, पण संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस. त्यानंतर आपल्या घरात तो कायदाच झाला. एक खोली आणि एक स्वयंपाकघर, भिंती होत्या त्या नावाला. सगळ्यांना सगळं ऐकू जायचं आणि कुणी काही ऐकलेलं नसायचं. ज्याचं त्याने सांगितलं तरच ते झालं असं धरायचं. बाबा तर या कायद्यात तुझ्यापेक्षा पक्के झाले.

आणि त्याच कायद्याने तुझे रिपोर्ट आले तेव्हा तुम्ही दोघं ओट्यापाशी हळू आवाजात बोलत होतात आणि मी बाल्कनीत याच टेबलापाशी बसून सगळं ऐकलं. तू मला म्हणालीस, पित्त झालंय. मी म्हटलं, बरं. तू शेवटपर्यंत पित्तच म्हणत राहिलीस आणि मी शेवटपर्यंत बरं म्हणत राहिले. आई, त्याचा मला राग येतो. अजून येतो. तुझा नाही, त्या कायद्याचा. तू ऑफिसातून घरी आणायला नको होतास तो. आणि तरी बघ, माझ्यावर वेळ आली तेव्हा मीही तोच पाळला.

व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागतो, की या बाईवर गुन्हा नाही. एके दिवशी मी बँकेत गेले होते तेव्हा मोबाइलवर फोन आला. "मॅडम, पोलीस चौकीतून बोलतोय. तुमच्या घरी जाऊन आलो. वडील भेटले, लय भारी माणूस. चहा पाजला, लाडू दिला. उद्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन या." मी बँकेतलं काम तसंच टाकलं. रिक्षाने घरी आले तर बाबा टीव्हीसमोर. मी विचारलं, "कुणी आलं होतं का?" बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "पेपरवाला. बिल घेऊन गेला." आत सिंकमध्ये दोन कप होते. आपण पेपरवाल्याला चहा कधीपासून द्यायला लागलो? मी दोन्ही कप धुतले, पालथे घातले आणि गप बसले. आता बाबांना कळलं होतं. मला कळलं होतं की बाबांना कळलंय. आणि घरात पुन्हा सगळं शांत.

त्यानंतर बाबा विचित्र वागायला लागले. संक्रांतीच्या सुमारास मी कॉलवर असताना ते ओट्यापाशी उभे राहून कुकरकडे टक लावून बघताना दिसले. विचारलं तर म्हणाले, शिट्टी ऐकतोय. काकूंकडे जाऊन वरणात हिंग आधी की हळद आधी ते विचारून आले. आंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायला लागले. एक प्लंबर आला आणि बाथरूमच्या भिंतीला स्टीलचा दांडा बसवून गेला, मला न विचारता. मी घाबरले. मला वाटलं, हे म्हातारपणाचं ते विसरण्याचं दुखणं सुरू झालं. इंटरनेटवर लक्षणं वाचली, सगळी जुळत होती, तिथे सगळ्यांचीच जुळतात. एकदा चहा देताना सहज विचारल्यासारखं केलं, "बाबा, आज वार कोणता?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "का, तुला ठाऊक नाही?" आणि मग दिवसभर तेच माझ्याकडे काळजीने बघत होते.

मग डब्यांचं झालं. तू फळीवर डबे जसे लावले होतेस तसेच अजून होते. वर डाळी, त्याखाली पिठं, उजवीकडे तुझा मालवणी मसाल्याचा तो उंच डबा. तू गेल्यापासून मी एकही हलवला नव्हता. एका दुपारी मी पाणी प्यायला आत आले तर सगळे डबे खाली, ओट्याच्या उंचीवर, आणि वरची फळी मोकळी. माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाबा, आईची मांडणी का मोडली?"

"वरचं काढायला स्टूल लागतो. माझं आता स्टुलावर चढायचं वय आहे का?"

"पण मी काढून देते ना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी. तेवढ्यात बाल्कनीत माझा फोन वाजायला लागला आणि मी गेले. तिकडची एक बाई विचारत होती की पेशंटचं नाव कसं बदलायचं, आणि मी तिला दोनदा चुकीचं सांगितलं.

त्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "तू त्या बदलापूरच्या मैत्रिणीकडे किती दिवसांत गेली नाहीस. शनिवार रविवार जाऊन ये." बाबा मला कुठे जा म्हणून सांगतात हेच नवीन. मी नको म्हटलं, ते हट्टाला पेटले, शेवटी पिशवीसुद्धा त्यांनीच दारात आणून ठेवली. मैत्रिणीकडे पोचले आणि संध्याकाळी बाबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. मैत्रीण भजी तळत होती आणि मी तिच्या गॅलरीत उभी राहून आपल्या बाथरूमची फरशी बघत होते. शेवटी काकूंना फोन केला.

"काकू, बाबा फोन उचलत नाहीत. जरा दार वाजवून बघता का?"

"अगं, बरे आहेत. आत्ताच खिचडीचा वास आला."

"मग फोन का घेत नाहीत?"

काकूंनी आवाज बारीक केला. मग म्हणाल्या, "बघ, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, पोरीचा फोन आला तर मी घेणार नाही, मला बघायचंय एकटं जमतं का ते. प्रॅक्टिस चाललीय गं त्यांची. चावी माझ्याकडे दिलीय. सकाळ संध्याकाळ मी बेल वाजवते, ते आतून हो म्हणतात, झालं."

तू असतीस तर मला म्हणाली असतीस, झालं ना तुझ्या मनासारखं, आता शांत झोप. मी रविवारी दुपारीच घरी आले. चावीने दार उघडलं. पंखा चालू, बाबा पलंगावर झोपलेले, पेपर छातीवर. आत गेले तर ओटा पुसलेला, कुकर धुऊन पालथा, आणि त्याच्या बाजूला एक ताट, एक वाटी, एक पेला. मला खूप बरं वाटायला हवं होतं. इतके महिने ज्या भीतीने मी अर्धी झाले होते ती भीती तिथे पालथी घातलेली होती. आणि मला, आई, वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी त्या एका ताटाकडे बघत उभी राहिले.

बाबा उठले. "लवकर आलीस."

"तिला काम निघालं."

ते मान हलवून आत गेले, चहा टाकला, दोन कप घेऊन आले आणि समोर बसले. त्यांच्या हातचा चहा मी पहिल्यांदा प्यायले. साखर जास्त होती. मग त्यांनी सरळ विचारलं, "व्हिसा आला का?"

तुझा कायदा मोडला त्यांनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे? तो पोलीस आला तेव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. डोक्याला ते लावलंस की तू ओरडतेस. खाली वॉचमनलाही ठाऊक असेल."

"पण मी इंग्रजीत बोलत होते."

"मग? पोर्तुगालला इंग्रजीत पण पोर्तुगालच म्हणतात."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. तुझ्या आईने तेवढी शिस्त लावलीय. मग वाटलं, हिला जायचंय पण माझं ओझं आहे. म्हटलं, आपणच राहून बघावं. भात खाली लागला एकदा. बाकी जमतंय."

"आणि बाथरूममध्ये पडलात तर?"

"तू बाल्कनीत हेडफोन लावून असतेस तेव्हा पडलो, तर तुला ऐकू येणार आहे?"

मी उठले. पासपोर्ट आठवडाभर आधीच आला होता, कपाटाच्या खणात होता. मी तो आणून दाखवला. बाबांनी चष्मा लावून व्हिसाचं पान उलटं सुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय." मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, आता म्हणतील, आता म्हणतील, नको जाऊस. एकदा म्हणाले असते तर मी तो पासपोर्ट तिथेच खणात टाकला असता आणि जन्मभर लोकांना सांगितलं असतं की वडिलांसाठी राहिले. माझं कारण तयार होतं, गेले कित्येक महिने मी ते जपून ठेवलं होतं. बाबांनी ते खिचडीबरोबर संपवून टाकलं.

चष्मा काढता काढता त्यांनी विचारलं, "तू कधी राहिली आहेस का गं एकटी?"

मी विचार केला. शाळा, कॉलेज मुलुंडला. पहिली नोकरी अंधेरीला, पण झोपायला घरी. सहलींना मैत्रिणी. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा बाबा तिथे आणि काकू माझ्या सोबतीला. एकही रात्र नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मग आता तू बघ," बाबा म्हणाले. "मी जातो ताईकडे. फोन करणार नाही. तू पण करायचा नाहीस."

मी म्हटलं, चाळिशी उलटलेल्या बाईला हे काय सांगता? पण ते आत जाऊन पिशवी काढायला लागले होते.

तर असं काल सकाळी ते गेले. बाल्कनीतून बघितलं, रिक्षात बसताना वर बघतील असं वाटलं, पण बघितलं नाही. दुपारी काम सुरू झालं तोवर मी ठीक होते. डोक्याला हेडफोन असला की मी कुठेही असले तरी चालतं, समोर कुणीतरी अडलेली बाई असते. संध्याकाळी तो काढला आणि घर एकदम मोठं झालं. भात टाकला तो दोघांचा. आतून हाक मारली, "बाबा, दही घेणार?" आणि मग स्वतःचीच लाज वाटली. टीव्ही लावला, त्यांची ती मालिका, ज्यातल्या सासूवर मी रोज वैतागते, तीही बघितली. गॅसचं बटण तपासलं, दार तपासलं, पुन्हा गॅस. बाबा पडतील म्हणून काळजी करत होते तेव्हा निदान काळजीला माणूस होतं. काल ती सगळी काळजी घरभर फिरून माझ्याचपाशी येऊन बसली. रात्र कशी गेली ते सोडून दे.

सकाळी बेल वाजली. काकू. मी म्हटलं या ना आत, चहा टाकते. त्या उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या. "नाही बाई, तुझ्या बाबांनी मना केलंय. नुसतं विचारायचं, बरी आहेस का. बरी आहेस ना?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना सगळं समजलंय, आणि तुझ्या वेळच्या माणसांसारख्या काही न बोलता परत गेल्या.

मी मघापासून एकच विचार करते आहे. तिकडची खोली मी फोटोत बघितली आहे. स्वच्छ आहे, पांढऱ्या भिंती, खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते. मालकीणबाई खाली राहतात, त्यांना फक्त त्यांची भाषा येते. त्या खोलीत मी मोठ्याने बोलले तरी ते कुणाला कळणार नाही. इथे आयुष्यभर मला ऐकणारं कुणीतरी होतं. तू ऐकायचीस, बाबा ऐकायचे, भिंतीपलीकडे काकू ऐकायच्या. सगळे ऐकून गप बसायचे, आणि मी त्या गप्पपणाचा राग करत राहिले. पण ऐकत होते गं. मी रडले तरी कुणीतरी दुसऱ्या दिवशी भाजी माझ्या आवडीची करायचं. हे तिकडे कुठून आणू? व्हिसाच्या कागदांत विमा मागतात, घराचा करार मागतात, पगार मागतात. याचं कुणी काही विचारत नाही.

तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. मी जाईन. बहुतेक जाईन. बाबांनी त्यांची बाजू इतकी चोख करून दाखवल्यावर आता न जायला मला तोंड नाही, आणि खरं सांगायचं तर जाऊन बघावं असंही आत कुठेतरी वाटतं. तिकडे सकाळी उठून एकटीने बाजारात जाईन, चुकीची भाजी आणेन, चुकीच्या बसमध्ये बसेन, असं मनात येतं तेव्हा भीती वाटते आणि त्या भीतीत थोडी गंमतही असते. ती गंमत मी बाबांना सांगितली नाही. तुला सांगते आहे.

पण ते पुढच्या महिन्यात. आज मी कंपनीला सुट्टी कळवली आहे आणि पिशवी भरली आहे. हे पत्र पर्समध्ये घालते, घरात ठेवलं तर बाबा वाचतील आणि वाचलं नाही असं वागतील. तासाभरात डोंबिवलीला पोचेन. आत्या दार उघडेल, तिच्यामागे बाबा येतील आणि विचारतील, काय झालं, दोन दिवस पण नाही? सोसायटीत पाणी नाही, मोटर जळली, असं सांगणार आहे.

पाणी आहे, आई. सकाळपासून गच्चीवरची टाकी भरून वाहते आहे, त्याचा आवाज इथे बसून ऐकू येतो.